फुसफुस आणि सूर

बासरी पहिल्यांदा ओठाला लावणाऱ्या कुणाचाही पहिला सूर हा सूर नसतो. ती फुसफुस असते. ओठ नीट जुळलेले नसतात, हवा भोकाच्या काठावर नेमकी आदळत नाही, अर्धीअधिक फुंक बाहेर सांडते. पेटीची पट्टी दाबली की सूर निघतो, तबल्यावर थाप मारली की निदान काहीतरी वाजतं. बासरीत मात्र कित्येक दिवस स्वतःचाच श्वास ऐकावा लागतो. मग कधीतरी सूर लागतो, आणि त्यानंतरची सगळी वर्षं एकाच कामात जातात. फुसफुस कमी करायची, सूर मोकळा करायचा.

आता दुसरीकडे पाहा. साल्वातोरे शारीनो हा १९४७ साली सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये जन्मलेला इटालियन संगीतकार. १९९७ साली त्यानं एक रचना लिहिली. तिच्या इटालियन नावाचा अर्थ साधारण ‘ध्वनींचं कापलेलं वर्तुळ’ असा होतो. ती आहे चार मुख्य बासरीवादकांसाठी आणि शंभर ‘स्थलांतरित’ बासऱ्यांसाठी. हे शंभर जण एका जागी बसून वाजवत नाहीत. ते श्रोत्यांच्या आसपासून चालत जातात, आणि त्यांच्या बासऱ्यांमधून आपण ज्याला सूर म्हणतो ते फारसं येतच नाही. येतात ते श्वास, फुंकरी, टकटक, शिट्टीसारखे कापरे आवाज. कुणीतरी मोठा कळप घेऊन अंधारातून जावं तसं काहीतरी.

म्हणजे जी फुसफुस घालवण्यासाठी एकानं दहा वर्षं घासली, तीच फुसफुस ऐकायला दुसरीकडे लोक तिकीट काढून बसतात. आवाज एकच. एका ठिकाणी त्याचं नाव चूक, दुसऱ्या ठिकाणी कला. हा फरक नेमका कशानं पडतो? आणि तो ठरवतं कोण? प्रश्न संगीताचा दिसतो, पण थोडं खणलं की खाली नीतीचा प्रश्न लागतो. माणसाचं म्हणणं ‘चुकीचं’ ठरवण्याआधी आपण किती वेळ थांबतो, असा तो प्रश्न आहे.

फुंकेचं काय होतं?

आधी बासरीचं शरीर समजून घेऊ. सनईत पत्ती थरथरते, सतारीत तार. बासरीत थरथरायला हवेशिवाय काहीच नाही. ओठांतून निघालेली हवेची पातळ धार भोकाच्या पलीकडच्या काठावर आदळते, क्षणात नळीच्या आत, क्षणात बाहेर अशी झुलते, आणि त्या झुलण्यानं नळीतली हवा कंप पावू लागते. तोच सूर. पण सगळी हवा या कामाला लागत नाही. काही विस्कटते, तिचे बारीक भोवरे होतात. त्या भोवऱ्यांचा आवाज म्हणजे फुसफुस.

थोडक्यात, फुसफुस ही बासरीत बाहेरून शिरलेली घाण नाही. सूर जिथे जन्मतो तिथेच, त्याच फुंकेतून तीही जन्मते. वादक कितीही मोठा झाला तरी ती संपत नाही, सुराच्या मागे जाऊन उभी राहते. लांब बासरीवरची मंद्र सप्तकातली आलापी हेडफोन लावून ऐका. स्वराच्या कडेला श्वासाची एक किनार असतेच. आपण ती ऐकतो, पण ‘ऐकली’ असं धरत नाही.

विसाव्या शतकात काही पाश्चात्त्य संगीतकारांनी ही किनार मधोमध आणली. हेन्री ब्रँट यानं विशीही गाठली नव्हती तेव्हा, १९३१ साली, ‘एंजल्स अँड डेव्हिल्स’ ही रचना लिहिली. एक मुख्य बासरी, आणि साथीला वाद्यवृंद म्हणून दहा बासऱ्याच. छोट्या, नेहमीच्या आणि खालच्या सुरातल्या. १९३६ मध्ये एडगार व्हारेझनं ‘डेन्सिटी २१.५’ लिहिलं. जॉर्ज बारेर या वादकाच्या प्लॅटिनमच्या नव्या बासरीसाठी ते होतं, आणि नावातला आकडा म्हणजे प्लॅटिनमची घनता. पाश्चात्त्य धातूच्या बासरीत भोकांवर बोटांनी दाबायची झाकणं असतात. व्हारेझनं वादकाला ती झाकणं मुद्दाम आवाज होईल अशी आपटायला सांगितली. यंत्राचा जो खडखडाट लपवायचा असतो, तो त्यानं स्वरलिपीत लिहून ठेवला. १९५८ मध्ये लुचानो बेरिओनं सेवेरिनो गात्सेलोनी या वादकासाठी लिहिलेल्या रचनेत एकाच बासरीतून एकाच वेळी दोन सूर काढायला लावले. १९७५ मध्ये रॉबर्ट डिक या अमेरिकन बासरीवादकानं अशा तंत्रांवर ‘दि अदर फ्लूट’ हे पुस्तकच लिहिलं. आजचे विद्यार्थी ते रीतसर शिकतात. जिभेनं ‘र्रर्र’ करत फुंकणं, जीभ एकदम भोकात ठोसून पोकळ ‘ठप्प’ काढणं, पूर्ण भोक ओठात घेऊन वाऱ्याचा झोत सोडणं, वाजवता वाजवता गळ्यातून गाणं.

या सगळ्याला इंग्रजीत नाव आहे ‘एक्स्टेंडेड टेक्निक्स’. म्हणजे वाढवलेली, विस्तारलेली तंत्रं.

कुंपण कुणी घातलं?

‘विस्तारलेली’ म्हटलं की विचारावंसं वाटतं, कशाच्या पलीकडे विस्तारलेली? शेत वाढवलं असं म्हणायला आधी कुठेतरी बांध असावा लागतो.

राजस्थान आणि सिंधच्या वाळवंटात ‘नड’ नावाची लांब बासरी आहे. ती वाजवणारा फुंकता फुंकता गळ्यातून एक खर्ज धरतो. गळा आणि नळी, दोन्ही एकाच वेळी वाजतात. युरोपातल्या संगीत विद्यालयात हेच ‘विस्तारित तंत्र’ म्हणून शिकवलं जातं. जैसलमेरकडचा करणा भील हा नडचा नावाजलेला वादक. जगानं त्याची नोंद घेतली ती त्याच्या लांबलचक मिशांसाठी, गिनेस बुकात. फुंकेसाठी नव्हे. त्याच्या वाजवण्याला कुणी ‘विस्तारित’ म्हटलं नाही. ते ‘लोकसंगीत’ होतं. दोन शब्दांत किती अंतर आहे बघा. ‘विस्तारित’ म्हणजे जाणूनबुजून पुढे गेलेलं. ‘लोक’ म्हणजे आहे तिथेच राहिलेलं. कृती तीच.

जपानमध्ये शाकुहाची नावाची बांबूची उभी बासरी आहे. झेन पंथाचे भिक्षू ती ध्यानासारखी फुंकत. तिच्यात वाऱ्याच्या झोतासारखी खरखरीत फुंक हा वादनाचाच भाग आहे, त्याला वेगळं नावही आहे. तिथे फुसफुस चुकीच्या खात्यात कधी गेलीच नव्हती.

इतकं लांब कशाला जायचं? आपल्या तंबोऱ्याकडे बघा. शास्त्रीय संगीतातला शुद्धतेचा सगळा हिशेब तंबोऱ्यावर चालतो. पण त्याच तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, झणझणते. तिला आपण जवारी म्हणतो. मिरजेचे सतारमेकर ती जवारी लावण्यात पिढ्या घालवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या आवाजाला आपण ‘शुद्ध’ मोजण्याची फूटपट्टी मानतो, तो एक धागा घालून मुद्दाम खरखरीत केलेला आवाज आहे.

आणि आज आपण जिला शास्त्रीय बासरी म्हणतो ती तरी कुठे कायम तशी होती? पन्नालाल घोष (१९११–१९६०) बारिसालहून कोलकात्यात आणि तिथून मुंबईत आले. तोवर बासरीला रागदारीच्या मैफलीत बसायला जागा नव्हती. ती छोटी, हलकीफुलकी, गुराख्याची समजली जायची. त्यांनी सुमारे ३२ इंचांची लांब बासरी घडवली, तिला सातवं भोक जोडलं, आणि ख्याल वाजवायला घेतला. कालचा विस्तार आजचं केंद्र झाला. आता त्या केंद्रात बसून आपण बाकीच्यांना ‘पलीकडचे’ म्हणतो.

मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ च्या एका पुस्तकात दाखवून दिलं, की अस्वच्छपणा वस्तूत नसतो, आपण आखलेल्या मांडणीत असतो. आमच्याकडे वऱ्हाडात हे समजावून सांगावं लागत नाही. वावरातली काळी माती म्हणजे सोनं. तीच पायाला लागून फरशीवर आली की कचरा. माती बदलत नाही, जागा बदलते.

मुद्दाम केलं की झालं?

यावर एक सरळ उत्तर तयार असतं. फरक ‘मुद्दाम’ या शब्दात आहे, असं ते उत्तर म्हणतं. नवशिक्याला स्वच्छ सूर काढताच येत नाही म्हणून फुसफुस होते. तयारीच्या वादकाला स्वच्छ सूर येतो, तरी तो फुसफुस निवडतो. पुन्हा सांगितली तर पुन्हा तशीच काढून दाखवतो, नको म्हटलं तर थांबवतो. पहिल्याची अक्षमता, दुसऱ्याची निवड.

हे उत्तर चांगलं आहे, आणि ते फेकून देऊ नये. कारण ते फेकलं तर सगळंच सारखं होतं आणि शिकण्याला अर्थ राहत नाही. ज्या गुरूनं ‘अजून फुंक वाया जाते आहे’ असं सांगितलं, त्यानं शिष्यावर अन्याय केला असं कुणी म्हणणार नाही. स्वच्छ सूर हातात असणं म्हणजे एक दार जास्त उघडं असणं.

पण हे उत्तर पुरतं का? दोन ठिकाणी ते अडतं.

पहिली अडचण शारीनोच्या शंभर जणांची. चार मुख्य वादक एक वेळ अव्वल असतील. पण शंभर अव्वल बासरीवादक कुठून आणायचे? अशा प्रयोगांना विद्यार्थी आणि हौशी वादकही उभे राहतात. त्यांच्यातल्या एखाद्याची फुंकर मुद्दाम विस्कटलेली आहे की तिला तेवढंच येतं, हे श्रोत्याला कळणार नाही, आणि कळण्याची गरजही नाही. निवड इथे एकट्या वादकाच्या ओठात नाही. ती रचनेत आहे, शंभर जणांनी मिळून मान्य केलेल्या वाटेत आहे. म्हणजे ‘मुद्दाम’ असणं ही एकट्याची मालमत्ता नसते. आजूबाजूचे लोक ते पुरवू शकतात.

दुसरी अडचण कुमार गंधर्वांची. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांना क्षयानं गाठलं. देवासला काही वर्षं गाणं बंद होतं. पुन्हा गायला लागले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेलं होतं. लांबलचक दमसासाची तान त्या देहात मावत नव्हती. मग छोटे, टोकदार, अचानक उसळणारे सूर आले, आणि त्यांच्या मधल्या शांततेलाही अर्थ आला. तो श्वास त्यांनी निवडला नव्हता. त्या श्वासाचं काय करायचं, एवढं मात्र त्यांनी निवडलं. अक्षमता आणि निवड यांच्यामध्ये आपण जी पक्की भिंत मानतो, ती तिथे नव्हती.

पण कुमारांच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट असते आणि ती आपण सहसा सांगत नाही. आजाराआधीच ते बालवयात गाजलेले गायक होते. लोकांना त्यांचं नाव ठाऊक होतं. म्हणून तो तुटक सूर पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा काहींनी तरी ‘हा चुकला’ असं न म्हणता ‘हा काय करतो आहे?’ असं विचारलं. त्यांची पत होती.

ऐकण्याची उधारी

गावातल्या किराणा दुकानात उधारी कुणाला मिळते? ज्याला दुकानदार ओळखतो त्याला. अनोळखी माणसानं पैसे आधी मोजायचे.

ऐकण्याचंही असंच असतं. एखादा आवाज आपल्याला कळत नाही, तेव्हा दोन वाटा असतात. एक म्हणजे लगेच ‘चूक’ म्हणून निकाल देणं. दुसरी म्हणजे थोडं थांबणं. यात काही असेल, अजून दिसलं नसेल, बघू, असं म्हणणं. हे थांबणं म्हणजे ऐकण्याची उधारी. अर्थ अजून हातात आलेला नाही, तरी आपण कान देऊन ठेवतो. बेरिओला, शारीनोला ही उधारी मिळते, कारण सभागृह, छापील स्वरलिपी, कार्यक्रमाची पत्रिका आणि नावापुढचा मान हे सगळे त्यांचे जामीन असतात. फुसफुस ऐकू आली तरी श्रोता म्हणतो, याच्यामागे काहीतरी असणार.

आता हाच श्रोता केनवडात उभा करा. वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं आमचं गाव. सोयाबीन, तूर, काळी जमीन. यात्रेत घेतलेली रंगीत बासरी घेऊन एखादा पोरगा पारावर बसलेला असतो. सूर लागत नाही, पण फुंकेतून वारा काढायला त्याला मजा येते. भोकं बोटांनी आपटून तो ‘टप टप’ काढतो. कुणाकडून शिकलेला नाही, स्वतःलाच सापडलेलं आहे. जाणारा येणारा काय म्हणेल?

“काय फुसफुस लावली बे? वाजवता येत नाही तं कायले घेतली?”

पोरगा बासरी खिशात घालतो. या वाक्यात वाईट हेतू नाही. बोलणारा काका प्रेमळही असेल. पण त्या पोराला उधारी मिळाली नाही. त्याची टपटप कलाच आहे, असा माझा दावा नाही. ती काहीच नसेल. दावा एवढाच आहे, की ती काय आहे हे बघायला कुणी थांबलं नाही. तीच टपटप एखाद्या सभागृहात, काळ्या पोशाखातल्या माणसानं केली असती, तर आपण पाच मिनिटं श्वास रोखून बसलो असतो.

मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली ‘एपिस्टेमिक इन्जस्टिस’ या पुस्तकात अशा अन्यायाची मांडणी केली. ऐकणारा माणूस बोलणाऱ्याचा वर्ग, वर्ण, लिंग, उच्चार बघून त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते आधीच ठरवून टाकतो. यात समोरच्याचं नुसतं एक वाक्य वाया जात नाही. काही जाणणारा, काही सांगू शकणारा माणूस म्हणून त्याची किंमतच कमी धरली जाते. फ्रिकर बोलण्याबद्दल लिहितात. मला वाटतं, फुंकेलाही हे लागू पडतं.

तुमच्यापैकी जे वऱ्हाडातून पुण्या-मुंबईला शिकायला गेलेत त्यांना हे पाठ असेल. ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राहिलो’ हे शब्द तोंडातून निघाले की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हसू येतं. तुम्ही काय म्हणालात ते बाजूला राहतं, कसं म्हणालात ते वर येतं. मग तुम्ही बोलण्याआधी मनात वाक्य धुऊन घ्यायला शिकता. फुसफुस कमी करता. सूर ‘शुद्ध’ करता. पण एखाद्या नाटकात किंवा रीलमध्ये कुणी प्रसिद्ध माणूस तीच वऱ्हाडी बोलला, की ती ‘मातीचा गंध’ होते. त्याच्याकडे जामीन आहे.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याइतकी हलकी नाही. आपल्या गावगाड्यात फुंकायची वाद्यं कुणाच्या वाट्याला आली ते आठवा. लग्नात, देवळात, मिरवणुकीत सनई फुंकायची ती ठरलेल्या जातींनी. मातंग, घडशी, गुरव. गावोगावी नावं बदलत, पण व्यवस्था तीच. लग्नाचा मुहूर्त त्यांच्या फुंकेशिवाय शोभत नसे, आणि मांडवातली पंगत अनेकदा त्यांच्याविना बसे. सूर हवा होता. तो काढणारं तोंड जवळ नको होतं. पुढे आंबेडकरी चळवळीत गावकीची लादलेली कामं नाकारणं हा स्वाभिमानाचा भाग झाला. त्यात वाजवण्याचीही कामं होती. ज्यांनी वाद्य खाली ठेवलं त्यांना संगीत नकोसं झालं नव्हतं. ज्या अटीवर ते ऐकलं जात होतं, ती अट त्यांनी नाकारली. फुंक ऐकायची आणि फुंकणाऱ्याला दूर ठेवायचं, ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे.

खपवून घेणं आणि ऐकून घेणं

इथे कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांची फुसफुस डोक्यावर घ्यायची? वारीत बघा, दिंडीत शेकडो लोक गातात, कितीतरी जण कणसूर असतात. कुणी कुणाला बाहेर काढत नाही. हाच तुमचा आदर्श ना?

दिंडीबद्दल मला प्रेम आहे. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर सगळे आवाज सामावले जातात आणि ज्याला कधी कुणी ‘तू गा’ म्हटलं नाही, तोही मोकळ्या गळ्यानं गातो. हे लहान काम नाही. पण दिंडीतला कणसूर खपतो तो ऐकू येत नाही म्हणून. तो गर्दीत विरतो. खपवून घेणं आणि ऐकून घेणं यांत फरक आहे. खपवून घेण्यात मी तुझ्यासाठी काही करत नाही, फक्त तुला हाकलत नाही. ऐकून घेण्यात मला माझा कान हलवावा लागतो.

बासरीवृंदाचेही असेच दोन प्रकार दिसतात. ठाण्यात विवेक सोनार यांच्या गुरुकुल प्रतिष्ठानाच्या बासरी उत्सवात कितीतरी वादक एकत्र बसून ‘फ्लूट सिंफनी’ सादर करतात. तिथे आनंद आहे तो अनेक फुंका एक होण्यात. वेगळेपण विरघळतं आणि मोठा, भरलेला स्वर उभा राहतो. तो स्वर मिळवायला शिस्त लागते, एकमेकांचं ऐकावं लागतं, आणि त्याचं सौंदर्य खरं आहे. शारीनोच्या शंभर बासऱ्यांत आनंद आहे तो फुंका एक न होण्यात. माणूस तुमच्या खुर्चीजवळून जातो तेव्हा त्याचा एकट्याचा श्वास कानाशी येतो, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. तिथे गर्दी कुणाला झाकत नाही.

दोन्ही हवेत. एकानं दुसऱ्याला चूक ठरवण्याचं कारण नाही. पण आपल्या समाजात पहिल्याचा सराव पुष्कळ आहे, दुसऱ्याचा फार कमी. एक सूर व्हा, एका आवाजात म्हणा, रांगेत या, हे आपण शाळेच्या प्रार्थनेपासून शिकतो. ‘तुझा श्वास कसा आहे, जरा ऐकू दे’ हे क्वचितच कुणी म्हणतं.

दुसरा एक आक्षेप यापेक्षा अवघड आहे. ऐकण्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ थोडा असतो. सगळ्यांना उधारी दिली तर दुकान बुडेल. हे खरं आहे. प्रत्येक अपरिचित आवाजापुढे थांबणं शक्य नाही, आणि थांबल्यावर प्रत्येक वेळी काही सापडेलच असंही नाही. पुष्कळदा फुसफुस ही फुसफुसच निघेल. पण मग निदान आपली उधारीची वही एकदा उघडून बघायला काय हरकत आहे? कुणाकुणाला आपण डोळे मिटून उधार देतो, आणि कुणाकडून रोख मागतो? नावं वाचत गेलं की त्या वहीत एक नमुना दिसायला लागतो. सगळ्यांना सारखा वेळ देणं जमणार नाही. पण वेळ नाकारताना तो आवाजामुळे नाकारतो की माणसामुळे, एवढं तपासणं जमण्यासारखं आहे. नीतीची सुरुवात मला तिथे दिसते.

फोनमधला कान

हा प्रश्न आता माणसांपुरता राहिलेला नाही. तो तुमच्या हातातल्या फोनमध्येही आहे. व्हिडिओ कॉलवरून बासरी शिकणाऱ्यांना हा अनुभव येतो. विद्यार्थी लांब षड्ज लावतो आणि समोर गुरूला तो मधेच तुटलेला, नाहीतर गायब झालेला ऐकू येतो. कारण कॉलमधली गोंगाट गाळण्याची यंत्रणा बोलण्यासाठी घडवलेली असते. शब्द आले की आवाज, एकसारखं चालू राहिलं की पंखा, मिक्सर, गोंगाट. बासरीचा स्थिर सूर तिला पंख्यासारखा वाटतो. झूमला संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ अशी वेगळी सोय द्यावी लागली. ती चालू केली की यंत्र गाळणं थांबवतं आणि आहे ते जाऊ देतं.

यात गंमत अशी, की यंत्रापुढे स्वच्छ सूर आणि फुसफुस दोघे एकाच रांगेत आहेत. पन्नालाल घोषांचा षड्जही तिथे गोंगाट ठरला असता. जन्मभर घासून मिळवलेली शुद्धता, आणि एका गाळणीला ती ओळखता येत नाही, कारण तिला कुणी तो शिकवलाच नाही. गाळणी दुष्ट नसते. तिला जे ऐकवलं गेलं, त्यालाच ती आवाज म्हणते. आपले कानही बरेचसे असेच तयार झालेले असतात. घरात, शाळेत, जातीत, गावात जे ऐकवलं गेलं तो सूर, बाकी सगळं पंख्याची घरघर.

फरक एवढाच, की फोनला ते बटण दुसऱ्या कुणीतरी बसवून द्यावं लागलं. आपल्याला ते स्वतः दाबता येतं, आणि त्यासाठी इटलीला जावं लागत नाही. वर दिलेल्या रचना यूट्यूबवर शोधून ऐका. ‘डेन्सिटी २१.५’ चार-पाच मिनिटांची आहे. आवडली नाही तर नाही म्हणा. कान दिल्यानंतरचा नकार हा पूर्ण प्रामाणिक नकार असतो, आणि चांगल्या श्रोत्याला तो अधिकार आहेच. पण तिला दिलीत तेवढी चार मिनिटं या आठवड्यात अशा कुणाला तरी द्या, ज्याच्यामागे सभागृह नाही, पत्रिका नाही, नावही नाही. वर्गातली अडखळत बोलणारी मुलगी असेल. ज्यांचं बोलणं घरात कुणी पुरं होऊ देत नाही त्या आजी असतील. पारावरचा तो पोरगा असेल. त्याला विचारा, “हे टपटप कसं काढलं बे?”

तो दाखवेल. बहुतेक वेळा एवढंच लागतं.